बॉट कोणत्या कामाला लावला जातो, ते आधी पाहा : गेम रचणाऱ्यांसाठी

खेळाडू लबाडी करताना सापडला की त्याच्यावर बंदी घालून प्रकरण मिटवण्याची घाई होते. बंदी अवश्य घालावी; परंतु त्याने खेळाचा नेमका कोणता भाग बॉटच्या, म्हणजे त्याच्या जागी आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली केला होता, हे त्याआधी नोंदवून ठेवावे. चुरशीच्या लढतीत नेम अचूक लागावा म्हणून फसवणूक करणारा वेगळा आणि तेच बटण हजारो वेळा दाबून कंटाळल्यामुळे आपोआप क्लिक करत राहणारा ऑटो-क्लिकर लावून झोपी जाणारा वेगळा. पहिल्यासाठी पहाराच हवा. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र दोष बहुधा आपल्या रचनेतच असतो, आणि तो शोधता येतो.

त्यासाठी गेममधले नेहमीचे एखादे काम घेऊन ते स्वतः दहा मिनिटे करावे आणि काही ठरवावे लागले की, म्हणजे ‘हे करू की ते’ असा प्रश्न पडला की, कागदावर एक रेघ ओढावी. रेघा दोन-तीनच निघाल्या, तर ते काम यंत्राला सहज जमणारे आहे. मग ते काम एकूण किती वेळा करावे लागते, याचा हिशेब मांडावा. रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये एखादे कौशल्य ९९ व्या पातळीपर्यंत न्यायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि त्यांपैकी निम्मे गुण ९२ व्या पातळीनंतरच मिळवायचे असतात. ‘यू’ नावाच्या झाडाच्या एका ओंडक्यामागे लाकूडतोडीचे १७५ गुण मिळतात. म्हणजे त्या शेवटच्या सात पातळ्यांसाठी याच झाडावर विसंबले तर सुमारे ३७,००० ओंडके होतात. झाडावर क्लिक करायचे, थांबायचे, पिशवी भरली की रिकामी करायची आणि पुन्हा झाडापाशी यायचे, यात रेघ ओढण्याजोगे फारसे काही येत नाही.

दुरुस्ती करताना मेहनत सरसकट कमी करू नये. पुष्कळांना संथ, एकसुरी काम मनापासून आवडते, आणि त्यांचा तो आनंद हिरावून घेण्याचे कारण नाही. खेळाडूला ज्या गोष्टीची ओढ आहे तिच्या वाटेत हे काम अडसर होऊन बसले आहे का, एवढेच तपासावे. पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी लढवण्याच्या गेमच्या स्पर्धांमध्ये कस लागतो तो डावपेचांचा; पण प्रत्येक पोकेमॉनच्या सहा क्षमतांना जन्मतःच ० ते ३१ यांपैकी एकेक आकडा मिळतो, आणि मनाजोगे आकडे जुळेपर्यंत अंड्यामागून अंडी उबवण्यात पूर्वी तासन्‌तास जात. २०१६ मध्ये या क्षमता नंतर सुधारण्याची सोय आली, पण ती १०० व्या पातळीला. २०२२ मध्ये ती अट ५० वर आणली गेली. तरीही २०२३ च्या योकोहामा येथील जागतिक स्पर्धेत फेरफार केलेले पोकेमॉन आणल्याबद्दल काही खेळाडू बाद झाले. नियम मोडला, तेव्हा शिक्षा योग्यच होती. पण मला वाटते, स्पर्धेच्या सामन्यांसाठी तयार संघ जुळवण्याची सोय गेममध्येच दिली, तर फेरफाराचे हे एक मोठे निमित्त उरणार नाही.

कंटाळवाणा भाग पैसे घेऊन वगळू देण्याचा मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा, कारण एकदा त्यातून उत्पन्न सुरू झाले की तो भाग कंटाळवाणाच ठेवण्यात आपला फायदा दिसू लागतो. बदल केल्यावर महिनाभराने बंदीच्या नोंदी पुन्हा चाळाव्यात. बॉट त्या कामावरून उठून दुसऱ्या कामाला लागले असतील, तर कागद घेऊन तिथे बसावे.