पहिल्यांदाच कामासाठी एकट्याने परदेशात जाताय? तयारी अशी करा

परदेशातल्या क्लायंटकडे एकट्याने जायचं ठरलं की बहुतेकजण आधी बॅगेचा विचार करतात. बॅग दोन दिवसांत भरून होते, खरा वेळ खातात ती कागदपत्रं. सोबत सहकारी असला की एकाचं राहिलेलं दुसऱ्याच्या लक्षात येतं. एकाचं कार्ड चाललं नाही तर दुसरा पैसे भरतो. एकट्याला ही सोय नसते. म्हणून घरबसल्या घेता येतील ते सगळे निर्णय निघण्याआधीच घेऊन टाका. लांबच्या विमानप्रवासानंतर शिणलेल्या डोक्याने ते घेण्याची वेळ येऊ देऊ नका.

१. पासपोर्ट आजच उघडून बघा

मुदत संपलेली नाही एवढ्याने भागत नाही. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवसापासून पुढे ६ महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) नियम वेगळा आहे: तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान ३ महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. दोन पानं कोरी आहेत ना, तेही पाहा. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे.

२. तिथे नेमकं काय करणार, ते एका वाक्यात लिहा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे घाई नको. बैठका, वाटाघाटी, परिषद, व्यापारी प्रदर्शन या गोष्टी साधारणपणे बिझनेस व्हिसात बसतात. पण यंत्र बसवून देणं, दुरुस्ती करणं किंवा क्लायंटच्या ऑफिसात रोज बसून त्यांचं काम करणं याला बऱ्याच देशांत वेगळा परवाना लागतो. व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो म्हणजे कुठलंही काम करायला मुभा आहे, असं नव्हे. त्या देशाच्या दूतावासाची अधिकृत वेबसाइट स्वतः वाचा. एजंटवर किंवा ऑफिसातल्या ऐकीव माहितीवर विसंबू नका. मधल्या विमानतळावर विमान बदलण्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते त्या मधल्या देशाच्या अधिकृत वेबसाइटवर तपासा.

क्लायंटकडून त्यांच्या लेटरहेडवर आमंत्रणपत्र मागवा. त्यात तुमचं पासपोर्टप्रमाणे नाव, भेटीचं कारण, तारखा, खर्च कोण करणार आणि त्यांच्याकडच्या माणसाचा फोन नंबर असावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. १५ दिवसांहून कमी उरले असतील तर सहसा तो घेत नाहीत. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमाही लागतो.

लिहून काढलेलं ते एक वाक्य अर्जात, पत्रात आणि तुमच्या तोंडी सारखंच असलं पाहिजे. इमिग्रेशनच्या काउंटरवर 'कशासाठी आलात?' असं विचारलं की मोघम 'काम आहे' म्हणू नका. 'अमुक कंपनीत तीन दिवस बैठका आहेत, शुक्रवारी परत जातोय,' एवढं सांगून थांबा. पत्राची छापील प्रत हाताशी ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी त्याच रांगेत संपते.

सोबत नमुने किंवा डेमोचं यंत्र नेणार असाल तर एटीए कार्ने या सीमाशुल्काच्या कागदाची चौकशी करा. विकायचा नसलेला आणि परत आणायचा माल ही व्यवस्था मानणाऱ्या देशांत या कागदावर सीमाशुल्क न भरता तात्पुरता नेता येतो. तो बहुधा व्यापारी मंडळाकडून मिळतो.

३. तिकीट काढताना एक दिवस मोकळा ठेवा

विमान बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच बुकिंगवर काढा. दोन वेगळी तिकिटं काढली, पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं चुकलं, तर नवं तिकीट बहुधा स्वतःच्या खिशातून काढावं लागतं. उतरल्या दिवशी महत्त्वाची बैठक ठेवू नका. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. एक दिवस आधी पोहोचायला कंपनी कुरकुर करेल, तरी आग्रह धरा.

४. पैशांची सोय दोन ठिकाणी

दोन वेगळ्या नेटवर्कची (उदा. एक व्हिसा, एक मास्टरकार्ड) बँक कार्डं घ्या आणि ती एकाच पाकिटात ठेवू नका. परदेशी वापर सुरू आहे ना, ते निघण्याआधी तपासा. हॉटेल चेक-इनला कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतं. तिथे क्रेडिट कार्ड द्या, कारण डेबिट कार्डातली स्वतःची रक्कम कित्येक दिवस अडकून पडू शकते. कार्ड मशीनवर 'तुमच्या चलनात की इथल्या चलनात?' असा प्रश्न आला तर नेहमी स्थानिक चलन निवडा. आपल्या चलनात आकडा दिसला की बरं वाटतं, पण तो दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

डेटासाठी तिथलं ई-सिम (फोनमध्येच उतरवायचं सिम) घेतलं तरी मूळ सिमचं रोमिंग चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

५. फोन, लॅपटॉप, पॉवर बँक

पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती केबिन बॅगेतच न्यायची. मर्यादा साधारण १०० वॉट-तासांची असते. मिलीअँपिअर-तासांच्या आकड्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा: २०,००० ची बँक ७४ वॉट-तासांची, म्हणजे चालते. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. चार्जरवर '१००–२४०' असं छापलेलं असेल तर काळजी नाही.

लॅपटॉपवर कामापुरताच डेटा ठेवा, डिस्क एन्क्रिप्ट करून (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) घ्या आणि त्या देशात व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) चालतं का, ते आयटी विभागाला विचारा. प्रेझेंटेशन इंटरनेटशिवाय उघडेल असं ठेवा.

६. औषधं आणि सामान

औषधं मूळ वेष्टनात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, केबिन बॅगेत ठेवा. आपल्याकडे सहज मिळणारी गोळी दुसरीकडे बंद असू शकते. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत.

पहिल्या बैठकीचे कपडे केबिन बॅगेतच ठेवा. चेक-इन बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत, तर उशिराची तक्रार बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते.

७. उतरल्यावरचे पहिले दोन तास

हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत लिहून घ्या आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर गाडी आधीच ठरवा. बसण्यापूर्वी गाडीचा नंबर स्वतः ताडून पाहा, ड्रायव्हरला आधी आपलं नाव सांगू नका. घरच्या एकाकडे पूर्ण कार्यक्रम द्या आणि रोज संपर्काची वेळ ठरवा. पासपोर्टची एक प्रत मूळ पासपोर्टपासून वेगळी ठेवा. तो हरवला तर पोलिसांत तक्रार आणि मग आपला दूतावास, या क्रमाने जायचं. ताब्यात घेतलं गेलंच, तर आपल्या वकिलातीला कळवा असं सांगण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे.

८. बैठकीत एकट्याने बोलण्याची तयारी

सवलत किती देता येईल, मुदत किती वाढवता येईल, कुठल्या मुद्द्यावर थांबायचं, हे साहेबांकडून लेखी घेऊन ठेवा. तिथे दुपारी प्रश्न येईल तेव्हा तुमचं ऑफिस कदाचित झोपलेलं असेल. मर्यादेबाहेरची मागणी आली तर 'उद्या सकाळी कळवतो' म्हणा. यात कमीपणा काहीच नाही. एकट्याला दोन तास बोलणं, ऐकणं आणि टिपणं काढणं एकदम जमत नाही. त्यामुळे प्रत्येक विषय संपला की ठरलेलं मोठ्याने वाचून दाखवा, त्यांचा होकार घ्या आणि त्याच संध्याकाळी ईमेलवर पाठवा. दिवसभराच्या पावत्यांचे फोटोही तेव्हाच काढा. थर्मल कागदावरची छपाई हळूहळू उडते आणि हिशेब विभाग कोरी पावती घेत नाही.