पॉइंटवर हॉटेल घेताना आधी भागाकार करा

हॉटेल साखळ्यांच्या सदस्यांना मिळणारे पॉइंट पैशांऐवजी वापरून खोली घेता येते. अशा वेळी शहरात कुठे उतरायचं हे ठरवताना सर्वांत कमी पॉइंटचं हॉटेल आधी डोळ्यांत भरतं. पण ते बऱ्याचदा विमानतळाजवळ किंवा हमरस्त्यालगत असतं, आणि वाचलेले पॉइंट टॅक्सीच्या भाड्यात जातात. म्हणून आधी नकाशा उघडा, जिथे फिरायचं आहे तो भाग आणि जवळचं मेट्रो स्थानक पाहा, मगच हॉटेलं शोधा.

त्याच तारखांचं करांसह रोख भाडं काढा, त्यातून पॉइंटवर राहूनही भरावे लागणारे पैसे वजा करा आणि उरलेल्या रकमेला पॉइंटनी भागा. भाडं १२,००० आणि पॉइंट २०,००० असतील तर एका पॉइंटला ६० पैसे मिळाले. हाच आकडा दोन-तीन हॉटेलांसाठी काढला की फरक लगेच कळतो. इथे रोख भाडं रद्द करता येणाऱ्या दराचंच धरा, कारण पॉइंटचं बुकिंगही बहुधा ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करता येतं. स्वस्त, परत न मिळणाऱ्या दराशी तुलना चुकीची ठरते.

रिसॉर्ट फी, म्हणजे काही हॉटेलं खोलीभाड्याशिवाय वेगळं घेतात ते सुविधा शुल्क, नक्की तपासा. हिल्टन आणि हयात या हॉटेल साखळ्या पूर्ण पॉइंटच्या मुक्कामावर ती घेत नाहीत, मॅरियटच्या हॉटेलांत मात्र ती भरावी लागू शकते. उलट मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर सर्वांत कमी पॉइंटची रात्र मोफत मिळते, त्यामुळे चार रात्रींचा बेत असेल तर पाचवी जोडून पाहाच.

दुसऱ्या पॉइंट योजनेतले पॉइंट हॉटेलच्या खात्यात वळते करण्याची घाई करू नका. आधी खोली उपलब्ध आहे का पाहा, कारण वळते केलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत.