सेल्फ मारते, पण गाडी उचलत नाही : पुन्हा चावी फिरवण्याआधीची तयारी

चतुर्थी आठवड्यावर आलेली. चाकरमानी कणकवलीला उतरणार, त्यांना आणायला गाडी हवी. पावसाळाभर मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या छपरात, राहिलेली गाडी एका उघडिपीच्या रविवारी आपण खळ्यात काढली आणि स्वतःच उघडून बसलो. प्लग बदलले, एअर फिल्टर झटकला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा किती जाते ते ठरवणारी झडप) पुसली, सगळं परत जोडलं. चावी फिरवली तर सेल्फ दणक्यात फिरतो आणि इंजिन मात्र उचलत नाही. अशा वेळी हात आपोआप पुन्हा चावीकडे जातो. जाऊ देऊ नका. आधी कागद-पेन घ्या.

कागदावर लिहायचं ते असं : सकाळपासून कशाकशाला हात लावला. गाडी मांगरातून खळ्यात स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर आली होती ना? मग बिघाड बहुतेक सकाळनंतरचा, आणि तो आपणच केलेला. टाकीतलं जुनं पेट्रोल, दमट हवा, गाडीचं वय या सगळ्यांची नावं नंतर घेऊ. ‘प्लग बदलले’ एवढंच लिहून भागत नाही. प्लगपर्यंत पोचायला काय बाजूला केलं तेही लिहा : एअर फिल्टरचा डबा, त्याची नळी, दोन कनेक्टर, एक ब्रॅकेट, आणि ‘जरा सैल केली’ ती वायर. बदललेल्या वस्तूकडे आपलं लक्ष असतं, बाजूला केलेल्या वस्तूकडे नसतं. कामाआधी मोबाइलवर फोटो काढले असतील तर ते आता मोठे करून बघा. नसतील तर त्याच जातीची गाडी वाडीत कुणाकडे आहे ते आठवा आणि तिचं बॉनेट उघडून फोटो आणा. तपासायचं उलट्या क्रमाने, शेवटी जोडलेलं सगळ्यात आधी.

जागेची तयारी थोडक्यात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे लावलेले. चिरे चाकांना लावायला ठीक. जॅक काढून त्यांच्यावर गाडी ठेवून खाली शिरू नका. जांभा छिद्रांचा दगड, एका टोकावर भार आला की भुगा होतो. मांगरात पेट्रोलची वाफ कोंडते, म्हणून काम खळ्यात, आणि पावसाची चिन्हं असतील तर चारी बाजू मोकळ्या ठेवून वर ताडपत्री. बाजूला कोरड्या वाळूची बादली. विडीवाल्या काकांना पडवीतच बसवा. हाताशी प्लग पाना, 10 आणि 12 चा बॉक्स पाना, पक्कड, पॉलिश पेपर, टॉर्च, दोन-चार फ्यूज आणि मल्टिमीटर असावा. मीटर साधा चालतो. आणि एक माणूस, जो सांगितल्यावरच चावी फिरवेल आणि ‘थांब’ म्हटल्यावर खरंच थांबेल. हे दुसरं जमणारा माणूस मिळणं कठीण असतं. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि मध्ये निदान मिनिटभर थांबा. सेल्फची मोटर थोडाच वेळ चालण्यासाठी बनवलेली असते.

आता पहिली तपासणी. तिला कुठलाच पाना लागत नाही. चावी ऑनवर आणा, सेल्फ मारू नका, डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे बघा. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला पाहिजे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तो ऑनला पेटतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. ऑनला तो पेटतच नसेल, आणि बल्ब ठीक असेल, तर बहुधा गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, वीज किंवा अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडची परतीची वाट, मिळत नाही. ईसीएम झोपलेला असेल तर प्लगला करंट नाही, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडत नाही, पंपही चालत नाही. सेल्फला मात्र त्याचं सोयरसुतक नसतं. त्याची जाड केबल थेट बॅटरीवरून येते, तो फिरत राहतो.

हे मी दोन ओळींत लिहिलं, पण शिकायला मला एक अख्खा दिवस लागला होता. आमची जुनी तीन सिलिंडरची गाडी अशीच बसली तेव्हा मी आधी नव्या प्लगवर संशय घेतला. आचऱ्याहून पावसात कणकवलीला जाऊन दुसरे प्लग आणले. मग पेट्रोल फिल्टर आणला. मग पंप गेला असणार असं ठरवून त्याची किंमत विचारायला मेस्त्रीला फोन केला. त्याने पंपाचं नावच घेतलं नाही. “दिवो पेटता काय रे?” म्हणाला. मी विचारलं, “खंयचो दिवो?” “इंजिनाचो. चावी ऑन कर आनी बग.” दिवा पेटत नव्हता. सकाळपासून पेटत नव्हता आणि मी पन्नास वेळा चावी फिरवूनही तिकडे पाहिलं नव्हतं. थ्रॉटल बॉडी काढताना एका बोल्टखालची अर्थिंगची वायर मी बाजूला सारली होती. बोल्ट परत लावला, वायर त्याच्या मागे लोंबत राहिली.

आपल्या किनाऱ्यावर अर्थिंगला यादीत वरचा मान द्या. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर, बॉडीला बसवलेल्या वायरींच्या डोळ्यांवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्यांवर, हिरवा-पांढरा थर धरतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, आत तांबं कुजलेलं असतं. सकाळी कशीबशी टिकलेली जोडणी आपण ढवळल्यावर सुटते. म्हणून सोडलेला प्रत्येक अर्थिंगचा बोल्ट पुन्हा काढा, डोळा आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईतो घासा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जोडणी, मग जेली. खोबरेल नको, त्याचा चिकट थर धरतो. खात्री करायची तर मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या मोकळ्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर इंजिनाची अर्थिंग कमकुवत आहे.

मीटर हातात आहे तोवर बॅटरीही बघून घ्या. गाडी उभी असताना पूर्ण भरलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसतात. सेल्फ मारताना ते उतरणारच, पण साडेनऊच्या खाली गेले तर सेल्फ फिरत राहतो आणि ईसीएम मात्र गोंधळतो. पंधरा-वीस वेळा सेल्फ मारल्यावर चांगली बॅटरीही या अवस्थेला येते, आणि मूळ बिघाड काढल्यानंतरही गाडी उचलत नाही. म्हणून पुढच्या तपासणीआधी तिला चार्जरला लावा, किंवा शेजारच्या गाडीवरून जंपर केबलने जोड द्या.

दिवा पेटतोय? मग खिडक्या बंद करा, सगळ्यांना गप्प बसवा आणि चावी ऑन करताना मागच्या सीटखाली कान द्या. बहुतेक गाड्यांत पेट्रोल पंप टाकीतच असतो आणि चावी ऑन केली की दोन-तीन सेकंद ‘झूंऽ’ असा आवाज करून थांबतो. आवाज नाही आला तर आधी फ्यूज. फ्यूजच्या डब्याच्या झाकणाला आतून नकाशा छापलेला असतो. फ्यूज डोळ्यांनी ठीक वाटला तरी मीटरने तपासा. मग रिले, म्हणजे विजेने चालणारं बटण. हॉर्नचा रिले त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. पंप वाजतो पण खळ्याच्या उतारावर गाडी नाक वर करून उभी आहे आणि टाकीत तळाला थोडंसंच पेट्रोल आहे, असंही असतं. कोकणातल्या घरांचे उतार बघता गाडी सपाटीवर आणून चार-पाच लिटर घालणं शहाणपणाचं. पेट्रोलची नळी सोडली असेल तर क्लिप टिक्क वाजेपर्यंत बसली का ते बघा, आणि फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे आहे ना तेही. नळी पुन्हा सोडायची वेळ आली तर आधी पंपाचा फ्यूज काढून थोडा सेल्फ मारा, म्हणजे दाब उतरतो. एरवी पेट्रोल थेट तोंडावर उडतं.

चावीच्या किंवा कुलुपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर तो इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी कुलुपाचा. काही गाड्या चावी ओळखली नाही तरी सेल्फ फिरू देतात, पेट्रोल मात्र देत नाहीत. दुसरी चावी शोधा. ती मुंबईत कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असते, हा आमच्या घरचा अनुभव.

आता प्लग. पाच-सात सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढा आणि टोक बघा, वास घ्या. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, करंटचं काहीतरी चुकलंय. दोन्ही चुकलेली असतील, म्हणजे प्लग कोरडा आणि करंटही नाही, तर पेट्रोल आणि करंट दोघांना चालवणाऱ्या एका गोष्टीकडे वळा : क्रँक सेन्सर, जो इंजिन कसं फिरतंय ते ईसीएमला सांगतो. त्याचा कनेक्टर खालच्या अंगाला, अडचणीत असतो आणि दुसरं काही काढताना कोपराने सुटतो. गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं ओबीडीचं छोटं यंत्र मोबाइलला जोडून वाचता येत असेल तर पी 0335 हा कोड त्याच्याच सर्किटचा. सेन्सर विकत घेण्याआधी कनेक्टर दाबून बघा.

करंट बघायचा तर पंपाचा फ्यूज काढून ठेवा. एक जादा प्लग वायरीला किंवा ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलला लावा, त्याचं धातूचं अंग जंपर केबलने इंजिनाला पक्कं जोडा आणि तो प्लगच्या उघड्या भोकापासून दूर ठेवा. हातात धरू नका, कॉइल हजारो व्होल्ट टाकते. वायर नुसती हवेत लोंबती ठेवून सेल्फ मारणं हा जुना रिवाज सोडा, त्याने कॉइल जाते. निळी, चट्‌चट् वाजणारी ठिणगी हवी. ज्या गाड्यांना प्लगच्या लांब वायरी असतात त्यांत वायरींची अदलाबदल झाली नाही ना ते बघा. आमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा ठिणगीचा क्रम 1-3-2, बहुतेक चार सिलिंडरच्यांचा 1-3-4-2.

प्लग भिजलेले असतील तर गाडी ओव्हर झाली आहे. प्लग पुसून वाळवा, परत लावा आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की ईसीएम पेट्रोल बंद करतो आणि आतलं जादा पेट्रोल उडून जातं. कधीकधी एवढ्यानेच काम होतं.

हवेच्या वाटेची तपासणी लाजिरवाणी असते, म्हणून लोक टाळतात. थ्रॉटल पुसताना भोकात कोंबलेलं फडकं काढलंत का? एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने काथ्या आणि सुपारीची सालं भरली आहेत का? तो डब्यात होता तर वायरीही चावला असेल, टॉर्च घेऊन वायरींच्या जुडग्यावरून हात फिरवा. हवा आत जाण्याच्या वाटेवरच्या, हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची बारीक रबरी नळी सुटली असेल तर ईसीएमला वाटतं गाडी चढावर पूर्ण जोरात आहे, आणि तो पेट्रोल ओतत सुटतो. प्लग वारंवार भिजत असतील तर ही नळी आधी बघा. आणि थ्रॉटल फार स्वच्छ केल्यावर पहिल्यांदा हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला तरच गाडी उचलते, असंही घडतं.

व्हॉल्व आणि पिस्टनची लय जुळवणारा टायमिंगचा पट्टा घरी बदलला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि सेल्फचा आवाज ऐका. निरोगी इंजिन दबत-उसळत फिरतं. पट्टा दाते सोडून बसला तर आवाज सपाट, सुर्रऽ असा येतो, किंवा मध्येच अडखळतो. असं ऐकलंत की सेल्फ बंद. काही इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळून वाकतात. पुल्यांवरच्या खुणा जुळवा, पाना पुलीला लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत जुळतात का बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका.

एवढ्यात वाडीतली चार पोरं धक्का मारायला आलेली असतात. त्यांना चहा द्या. सेल्फ इंजिन फिरवतोच आहे, धक्क्याने दुसरं काही होत नाही. उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जमतं, आणि पट्ट्याचं काम झालं असेल तर इंजिनही जाईल.

डिझेलवाल्यांना लांब यादी लागत नाही. फिल्टर बदलल्यावर लाइनने एअर धरली, हेच बहुतेकदा निघतं. फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, एअर सोडायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत सैल ठेवा, मग आवळा. कॉमन रेल इंजिनाच्या (ज्यात सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल मिळतं) इंजेक्टरचे लोखंडी पाइप मात्र सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर असतो आणि डिझेलची धार कातडीत शिरते.

एवढं करूनही नाही उचलली तर मेस्त्रीला फोन. चतुर्थीच्या आठवड्यात तो संध्याकाळच्या आरतीनंतरच उचलतो, तोवर कागदावर चार उत्तरं लिहून ठेवा : दिवा पेटतो का, पंप वाजतो का, प्लग ओला की कोरडा, सेल्फ मारताना व्होल्ट किती. आणि ‘कित्याक कित्याक हात लावलंस?’ असं त्याने विचारलं की सगळं सांगा, काढताना तुटलेली ती प्लास्टिकची क्लिपसुद्धा.