आपला फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीत दिसू नये म्हणून

एप्रिल लागला की देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्यांचे फोटो मुंबई-पुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत फिरू लागतात. तीच पेटी, तेच गवत, कडेचा तोच डागी आंबा, आणि खाली तीन वेगवेगळे मोबाइल नंबर. मे महिन्यात तीच गत समुद्रकाठच्या होमस्टेंची. फोटो तारकर्लीतल्या एका अंगणाचा, आगाऊ पैसे घेणारा भलताच कुणीतरी, आणि बॅगा घेऊन पाहुणे उभे राहतात ते खऱ्या मालकाच्या दारात. तेव्हा ही चिंता फक्त फोटोग्राफरांनी करायची असं बागायतदारांनी आणि होमस्टेवाल्यांनी समजू नये.

एक गोष्ट आधीच मान्य करावी: जे पडद्यावर दिसतं त्याचा स्क्रीनशॉट निघतोच. गडगा कितीही उंच रचला तरी एखादं गुरू आत शिरतं. म्हणून कामं दोनच धरावीत. चोराच्या हाती लागणारी प्रत कमीत कमी उपयोगाची असावी, आणि मूळ आपल्याकडे आहे हे आपल्याला पाच मिनिटांत दाखवता यावं.

मूळ फाइल हातची सोडू नका

बाराएक मेगापिक्सेलचा मोबाइल फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) तो १३ इंच रुंद, अगदी स्वच्छ छापता येतो. हाच फोटो १०८० पिक्सेलचा करून टाकला तर त्याच दर्जाची छपाई साडेतीन इंचांच्या फारशी वर जात नाही. लांबून बघायच्या फ्लेक्सवर तो फुटका-तुटका चालून जाईल, पण ब्रोशर, पेटीवरचं लेबल किंवा कॅलेंडर यांना तो पुरत नाही. इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८० पिक्सेल, स्वतःच्या वेबसाइटसाठी लांब बाजू १२०० ते १६००, जेपेग क्वालिटी ७० ते ८०, कलर स्पेस एसआरजीबी. यापेक्षा मोठं काही नेटवर टाकायची गरज सहसा पडत नाही, आणि पान लवकर उघडतं हा वरचा फायदा.

फाइल गळते ती बहुतेक वेळा वेबसाइटवरून न गळता आपल्याच हातून जाते. ‘डॉक्युमेंट करून पाठवा’ म्हटलं की आपण व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट करून पाठवतो, म्हणजे पूर्ण आकाराची, आतल्या सगळ्या माहितीसह असलेली फाइल समोरच्याकडे कायमची जाते. छापखान्याला ती द्यावीच लागते. एजंटाला, ‘पेजवर टाकतो’ म्हणणाऱ्याला आणि नुसती चौकशी करणाऱ्याला देऊ नये. गुगल ड्राइव्हची लिंक देत असाल तर शेअरिंगच्या सेटिंगमध्ये बघणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट आणि कॉपीची मुभा देणारी खूण काढा आणि काम झालं की लिंक बंद करा. उघड्या लिंका वर्षानुवर्षं तशाच राहतात.

मेनूकार्ड, पेटीचं लेबल, बोर्ड अशी डिझाइनची कामं करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. मंजुरीसाठी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची ओपन फाइल पाठवू नका. ‘कर्व्ह्ज’ करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून, पीडीएफ दिली की सुरक्षित, हा गैरसमज आहे. कर्व्ह्जमुळे मजकूर बदलता येत नाही एवढंच. ती पीडीएफ कोरलमध्ये उघडून लोगो आणि चित्रं जशीच्या तशी उचलता येतात. मंजुरीला १००० पिक्सेलचा, वर ‘नमुना’ लिहिलेला जेपेग. पैसे मिळाल्यावर छपाईची फाइल.

मूळ फाइल दोन जागी ठेवा: एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. कोकणातली दमट, खारी हवा आणि पावसाळ्यातला विजेचा लपंडाव पाहता एकाच डिस्कवर भिस्त ठेवणं म्हणजे जुगार आहे. त्या फोटोच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमही पुसू नका. चोराकडे एकच फोटो असतो. त्याच क्षणाच्या सलग पाच फ्रेम ज्याच्याकडे असतात त्याच्याशी वाद घालणं अवघड जातं.

फाइलच्या आत नाव

प्रत्येक फोटोत न दिसणारी माहिती साठवायच्या जागा असतात. त्यातल्या चार भराव्यात: निर्माता, कॉपीराइट सूचना, श्रेय, आणि परवान्याबद्दल माहिती देणाऱ्या पानाचा पत्ता. कॅनन-निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूतच कॉपीराइटचं नाव भरता येतं. एकदा भरलं की पुढच्या प्रत्येक फोटोत आपोआप जातं. लाइटरूममध्ये इम्पोर्टच्या वेळी प्रीसेट लावा. फुकटात डिजीकॅम किंवा एक्झिफटूल चालतं. काहीच नसेल तर विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथेही लेखक आणि कॉपीराइट हे रकाने आहेत. परवान्याचा पत्ता भरलेला असेल तर गुगलच्या इमेज सर्चमध्ये २०२० पासून फोटोवर ‘परवाना उपलब्ध’ अशा अर्थाची खूणही दिसू शकते.

गोची अशी की व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते, आणि सोशल मीडियावर चढवताना बहुतेक सगळी जाते. तरीही भरावी, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे अशी हक्कदर्शक माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

मात्र नाव ठेवताना ठिकाण काढा. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरचं कासवाचं घरटं, सड्यावरचं अजून कुंपण न पडलेलं कातळशिल्प, किंवा स्वतःचं घर: फोटोतल्या जीपीएसवरून कुणीही थेट तिथे पोचतो. लाइटरूममध्ये एक्स्पोर्ट करताना ‘रिमूव्ह लोकेशन’ ही वेगळी खूण आहे, ती करा. सगळाच मेटाडेटा, म्हणजे फोटोतली ही न दिसणारी माहिती, उडवला तर नावही जातं.

वॉटरमार्क: कुठे, केवढा

कोपऱ्यातलं बारीक नाव निव्वळ समाधानासाठी असतं. उभ्या चौकटीत कापताना ते कधी कधी आपोआपच जातं. त्याहून मोठी चूक म्हणजे आकाशावर, पाण्यावर किंवा वाळूवर नाव टाकणं. हल्ली मोबाइलमधलं खोडरबर अशा सपाट जागा एका बोटात भरून काढतं. नाव अशा जागी हवं जिथे पोत गुंतागुंतीचा आहे: चिऱ्याची भिंत, कौलं, जाळ्यांचा ढीग, झावळ्या, नक्षीदार कापड. फोटोच्या रुंदीच्या पाव ते तृतीयांश एवढं मोठं, अपारदर्शकता २५ ते ३५ टक्के, पांढरी अक्षरं आणि भोवती बारीक काळी सावली, म्हणजे उजेडात आणि अंधारात दोन्हीकडे वाचता येतं. यापेक्षा गडद केलंत तर चोर पळेल, पण गिऱ्हाईकही पळेल.

शंभर फोटोंवर हुबेहूब एकच शिक्का मारणंही धोक्याचं. गुगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की एकच वॉटरमार्क असलेले खूप फोटो मिळाले तर संगणक तो शिक्का नेमका ओळखून सगळ्यांवरून पुसू शकतो. जागा किंवा गडदपणा बदलून फार फरक पडत नाही. दर फोटोत अक्षरांना किंचित वाकवलं-पिळलं तर मात्र पुसल्यावर डाग उरतात. फोटोशॉपचं ‘वॉर्प’ त्यासाठी पुरेसं आहे.

सगळ्यात चिवट वॉटरमार्क फोटो काढण्याआधीच लावायचा असतो. आंब्याच्या पेटीत, फळांच्या मध्ये अर्धी झाकली जाईल अशी बागेचं नाव आणि साल लिहिलेली पाटी ठेवा. आंब्यांची सावली तिच्यावर पडू द्या. होमस्टेच्या दर्शनी फोटोत नावाचा फलक हवाच, तोही खांबाआड थोडासा गेलेला. हे पुसायला बराच वेळ लागतो, आणि चोराला घाई असते.

सावंतवाडीचे रंगवलेले गंजिफा पत्ते किंवा पिंगुळीची चित्रकथी चित्रं विकणाऱ्यांनी एवढं पाळावंच: चित्राचा सरळ वरून, सपाट, एकसारख्या उजेडातला फोटो नेटवर टाकू नका. तो फोटो म्हणजे टी-शर्ट आणि फ्रिज मॅग्नेट छापणाऱ्याला दिलेली तयार फाइल. पत्ते एकमेकांवर पंख्यासारखे ठेवा, हातात धरून तिरकस काढा. सपाट स्कॅन फक्त संग्रहासाठी.

यांच्यावर वेळ घालवू नका

राइट-क्लिक बंद करणं, फोटोवर पारदर्शक थर टाकणं, ‘सर्व हक्क राखीव’ची लांबलचक पोस्ट. पहिली दोन अंधांसाठी स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाच जास्त नडू शकतात. हॉटलिंक रोखण्याची सोय उपयोगी आहे, कारण त्यामुळे दुसरी साइट आपल्याच सर्व्हरवरून फोटो दाखवू शकत नाही. क्लाउडफ्लेअर या वेबसाइटसाठीच्या सेवेत ती एका बटनावर मिळते. पण चालू केल्यावर लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून झलक दिसते का ते तपासा, नाहीतर स्वतःचीच जाहिरात बंद पडायची.

एआयला शिकवण्यासाठी चित्रं ओढणाऱ्या बॉटना साइटवरच्या रोबोट्स (robots.txt) फाइलमधून मनाई करता येते. जो पाळतो तोच पाळतो. चित्रकारांसाठी शिकागो विद्यापीठाची ग्लेझ आणि नाइटशेड ही फुकट साधनं आहेत. ग्लेझ शैलीची नक्कल अवघड करतं, नाइटशेड चित्रावरून शिकणाऱ्या एआयला चुकीचं शिकवतं; चित्र कॉपी होणं दोन्ही थांबवत नाहीत. आणि त्यांना चकवायच्या पद्धतीही संशोधकांनी मांडल्या आहेत.

शोध

हंगामाआधी एकदा आणि हंगामात दर पंधरवड्याला. गुगल लेन्समध्ये पूर्ण फोटो टाका, मग त्यातला एकच खास तुकडा कापून टाका: तुमच्या पडवीची जाळी, तुळशीवृंदावन. टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साइटवर जुन्यात जुनी प्रत आधी असा क्रम लावता येतो, म्हणजे चोरी कुठून सुरू झाली याचा अंदाज येतो. फोटो आरशासारखा उलटा करूनही शोधा, चोरांची ती नेहमीची युक्ती आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत यातलं काहीच पोचत नाही. तिथे गिऱ्हाइकांनी कळवलं तरच कळतं.

सापडल्यावर

आधी पुरावा, मग भांडण. निरोप गेला की पोस्ट उडते. पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर जतन करा. प्रकरण कोर्टात जाण्यासारखं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला अक्षर-आकड्यांचा ठसा) मागतात, म्हणून स्क्रीनशॉट घेतल्यावर त्याला कापू-रंगवू नका, हॅश बदलतं.

मग मालकी तपासा, इथे अनेकजण अडखळतात. भारतात नोंदणी सक्तीची नाही. फोटो काढणारा हा निर्माता. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे होमस्टेवाल्याने पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोंबद्दल तक्रार तोच करू शकतो. फ्रीलान्स डिझायनरकडून करून घेतलेल्या लोगोचं तसं धरून चालू नका. त्याचे हक्क सहीनिशी लेखी घ्या आणि मुदत लिहा. कागदावर मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

ओळखीतला, शेजारच्या गावातला असेल तर आधी साधा निरोप: ‘हा फोटो आमच्या बागेचा आहे, मूळ फाइल आमच्याकडे आहे, उद्या संध्याकाळपर्यंत काढा.’ बरेच जण काढतात. नाहीतर फेसबुक-इन्स्टाग्रामचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. ‘रिपोर्ट’मधलं ‘स्पॅम’ दाबून उपयोग नाही, ती रांगच वेगळी. प्रत्येक पोस्टचा स्वतंत्र पत्ता द्या; नुसतं पेजचं नाव दिलं की तक्रार परत येते. गुगल सर्चमधून काढायला गुगलचा वेगळा फॉर्म आहे. ती तक्रार ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जाऊ शकते, म्हणून त्यात खासगी काही लिहू नका.

भारतातल्या साइटला लेखी तक्रार द्यायची तर कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ वापरा. तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत साइटने तो मजकूर बंद करायचा असतो. पण हा बंद २१ दिवसांचा. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर साइट तो पुन्हा उघडू शकते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे दावा आपण राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो. चोर दिल्लीत असला तरी ओरोस (सिंधुदुर्ग) किंवा रत्नागिरीचं न्यायालय चालतं.

खोट्या बुकिंगसाठी फोटो वापरून पैसे उकळले जात असतील तर कॉपीराइटचा फॉर्म भरत बसू नका. ज्याचे पैसे गेले त्या पाहुण्याने लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. तुम्ही तुमच्या पेजवर खरा नंबर आणि खऱ्या खात्याचं नाव वर पिन करून ठेवा.

पेटीच्या लेबलसारखी मालावर वापरायची कलाकृती असेल तर नोंदणी करून घेतलेली बरी. साध्या कलाकृतीला शुल्क ५०० रुपये, मालावर वापरायच्या कलाकृतीला २०००, आणि तिला ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध प्रमाणपत्रही जोडावं लागतं. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावंच लागतं आणि पुढेही वेळ जातो, तेव्हा आंब्याच्या लेबलचा अर्ज मोहर येण्याची वाट न बघता पावसाळ्यातच करावा.