पोत्यावरची चिठ्ठी आणि अर्गनचा उतारा

प्रबंधाच्या कामासाठी मोरोक्कोतल्या अगादीरला उतरले तेव्हा माझा प्रश्न अगदी सरळ होता. कुठल्या भागातलं अर्गन जास्त तेल देतं आणि कुठल्या भागातलं तेल सरस असतं? करडईचा घाणा असलेल्या घरातली मी, त्यामुळे तेल कळतं असा विश्वासही होता. त्या एका प्रश्नात तीन-चार वेगळे प्रश्न गुंतलेत हे कळायला एक अख्खा हंगाम गेला. तेलबियांवर काम करायला जे नव्याने निघालेत त्यांचा तरी तो हंगाम वाचावा, म्हणून हे लिहिते आहे.

अर्गन आपल्याला अगदीच परकं नाही. चिकू आणि मोह ज्या सॅपोटेसी कुळातले, त्याच कुळातलं हे काटेरी झाड. मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला, सूसच्या मैदानात आणि भोवतालच्या डोंगरउतारांवर ते वाढतं. 1998 साली युनेस्कोने हा पट्टा जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. एसाविराच्या बाजूला अटलांटिकचं धुकं आणि दमट वारा असतो. तारूदांतकडे आत गेलं की ऊन भाजून काढतं. आयत बाहाच्या बाजूला खडकाळ चढ आहेत. नकाशावर हे तीन ठिपके पाहिले की वाटतं, तीन हवामानं म्हणजे तीन तेलं.

पण झाडाखाली जाऊन उभं राहा. शेजारशेजारच्या दोन झाडांपैकी एकाची फळं गोल, तर दुसऱ्याची टोकदार आणि लांबट. अर्गन बहुतांश परपरागणाने फळतं आणि रानात बियांपासूनच उगवतं, त्यामुळे प्रत्येक झाडाचा वाण जणू वेगळा. एका गावातून एकच पोतं आणलंत तर तुम्ही गाव मोजत नाही, त्या पोत्यात आलेली चार झाडं मोजता. प्रत्येक ठिकाणी किमान आठ-दहा झाडं निवडा आणि त्यांची फळं शेवटपर्यंत वेगवेगळी ठेवा. काम दसपट वाढतं, पण त्याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आता उताऱ्याबद्दल, म्हणजे किती मालातून किती तेल निघतं त्याबद्दल, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. ‘उतारा किती?’ असं कुणी विचारलं की आधी विचारा, ‘कशावर?’ साधारण शंभर किलो सुक्या फळांतून साठेक किलो कोयी निघतात, त्यांतून साडेसहा किलोच्या आसपास मगज (कोयीच्या आतला गर) आणि त्यातून अडीच-तीन लिटर तेल. मगजाचं निम्मं वजन तेलाचंच असतं. म्हणजे मगजावर काढलेला उतारा पन्नास टक्क्यांच्या आसपास दिसतो, तर फळावर काढलेला जेमतेम तीन. त्यात सॉक्सलेट या प्रयोगशाळेतल्या उपकरणात हेक्झेन या द्रावकाने काढलेलं तेल वेगळं आणि यंत्राने दाबून काढलेलं वेगळं, कारण दाबल्यावर पेंडीत तेल राहतंच. दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी मांडण्याआधी एवढं तपासा, आणि मगजाची आर्द्रता मोजून सगळं कोरड्या वजनावर आणा. प्रदेशाचा आणि पावसाचा खरा फटका बसतो तो झाडाला किती फळ धरलं याला. लागोपाठ अवर्षण पडलं की अर्गन पानं गाळून तगून राहतं, फळ मात्र जवळजवळ धरत नाही. शिवाय फळ पिकायला नऊ महिन्यांपासून वर्षाहूनही अधिक काळ लागतो. म्हणून यंदाच्या फळाला यंदाचा पाऊस जोडू नका, मागच्या हंगामाच्या नोंदीही काढा.

कोय फोडायचं काम मी एका सहकारी संस्थेच्या ओसरीवर पाहिलं. खाली सपाट दगड, हातात गोटा, आणि दोन बोटांत उभी धरलेली कोय. एकच ठोका, आणि कवच दुभंगतं. कोयीत कधी एक मगज, कधी दोन, क्वचित तीन. ज्या लाल्लांच्या शेजारी मी बसायचे (तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने लाल्ला म्हणतात) त्या काळपट मगज न बघता, नुसत्या बोटांनी बाजूला सारायच्या.

माझी चूक त्यांनीच दाखवली. पहिल्या हंगामात तारूदांतकडच्या तेलाची आम्लता (तेलात सुटी झालेली फॅटी ॲसिडं) किनाऱ्याकडच्या तेलाच्या कितीतरी वर आली. उष्ण प्रदेश म्हणून जास्त आम्लता, असा निष्कर्ष मी लिहूनही टाकला होता. लाल्लांनी त्या पोत्यातली एक कोय फोडली, मगज हुंगला आणि म्हणाल्या, हे गेल्या वर्षीचं. तिकडे सुकवलेली फळं घरात राखून ठेवायची रीत आहे. अडीअडचणीला तीच विकायची. माझ्या चिठ्ठीवर गावाचं नाव होतं, वेचल्याची तारीख नव्हती. मी प्रदेश म्हणून जे मोजलं होतं ते साठवणीचं वय होतं. तो सगळा तक्ता मी रद्द केला.

तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. आम्लता आणि पेरॉक्साइड मूल्य (तेल हवेने किती खवट होऊ लागलंय त्याचं माप) प्रदेशाच्या खात्यात घालायचंच नाही. ती दोन्ही वेचणी, सुकवणी, साठवण आणि गाळपाची हकिगत सांगतात. प्रदेश शोधायचा तर फॅटी ॲसिड, आणि तेलात थोड्या प्रमाणात असणारे स्टेरॉल व टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचे प्रकार) हे घटक बघा, आणि तिथेही मोठ्या उड्यांची अपेक्षा धरू नका. फॅटी ॲसिडांपैकी ओलेइक साधारण 43 ते 49 टक्के, लिनोलेइक 29 ते 36, पामिटिक 11 ते 15. अस्सल तेल कुठलंही असो, बहुधा याच पट्ट्यात फिरतं. म्हणून एकच नमुना जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, फॅटी ॲसिड वेगळी करून मोजणारं यंत्र) तीनदा चालवून तुमच्या मोजणीतच किती हेलकावा आहे ते आधी पाहा. अर्ध्या टक्क्याच्या फरकावर प्रबंधाचं प्रकरण उभं करू नका.

एखादा आकडा पट्ट्याबाहेर गेला तर ‘नवा प्रदेश सापडला’ म्हणण्याआधी कॅम्पेस्टेरॉल हे स्टेरॉल बघा. अर्गनमध्ये शॉटेनॉल आणि स्पिनास्टेरॉल ही दोन स्टेरॉल्स भरलेली असतात. कॅम्पेस्टेरॉल मात्र एकूण स्टेरॉलच्या 0.4 टक्क्यांच्या वर नसतं. ते चढलं की दुसऱ्या तेलाची भेसळ समजावी. बाजारातून घेतलेल्या बाटलीवर प्रदेशाचा अभ्यास करू नये तो यासाठीच. आणि खायचं तेल भाजलेल्या मगजाचं, सौंदर्यप्रसाधनांचं कच्च्या मगजाचं. या दोघांची तुलना एका तक्त्यात कधीच नको.

दुसऱ्या हंगामात प्रत्येक पोत्यावर मी दोन चिठ्ठ्या लावल्या, एक आत, एक बाहेर. गाव, झाडाचा क्रमांक, समुद्रसपाटीपासूनची उंची, फळाचा आकार, वेचल्याची तारीख, किती दिवस सुकवलं. तक्ता पुन्हा मांडला तेव्हा आम्लतेतला तो मोठा फरक उरला नव्हता. फॅटी ॲसिडमध्ये एकाच गावातल्या झाडाझाडांतला फरक गावागावांतल्या फरकाइतकाच निघाला. मार्गदर्शकांना वाटलं मी निराश होईन. मी मात्र तो तक्ता छापून लाल्लांना दाखवायला घेऊन गेले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून झाडांची चित्रं काढून दाखवली. सतरा क्रमांकाच्या झाडावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते कुठल्या वळणावर उभं आहे ते मला सांगितलं.