स्कोअर नंतर बघा, आधी खाती वाचा
दोन वर्षांपूर्वी मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेले. फाइल उघडून अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुमच्या नावावर दुचाकीचं कर्ज थकलंय." आमच्या घरात दुचाकी शेवटची घेतली ती 2011 मध्ये, आणि तीही रोखीने. माझ्या पॅनच्या झेरॉक्सवर कुणीतरी कर्ज उचललं होतं. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, कर्ज लागेल तेव्हा नाही, आत्ताच आपला क्रेडिट अहवाल, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची आणि त्यांच्या फेडीची नोंद, काढा.

आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण हा अहवाल तयार करणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. म्हणून मी दर तीन महिन्यांनी एकीचा काढते. पैसे भरायची योजना समोर आली तर ती घेऊ नका, फुकटचा पर्याय शोधा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण, घसरत नाही.

स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. सगळे तेवढाच बघतात आणि अहवाल मिटतात. तसं करू नका. पहिल्या पानावरचे पत्ते आणि मोबाइल नंबर वाचा. माझ्या अहवालात मी कधीच न राहिलेल्या गावचा पत्ता होता. मग 'एन्क्वायरी' हा भाग बघा. तुमचा अहवाल कुठल्या बँकेने, फायनान्स कंपनीने कधी मागवला ते तिथे असतं. तुम्ही अर्जच केला नसेल आणि तिथे अनोळखी नाव दिसलं, तर लगेच चौकशी करा. शेवटी एकेक खातं तपासा. फेडलेलं कर्ज 'क्लोज्ड' दिसायला हवं. तडजोडीने कमी पैसे भरून मिटवलेलं 'सेटल्ड' दिसतं, आणि पुढची बँक त्यावर बोट ठेवते.

चूक सापडली की अहवाल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर डिस्प्युट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, नोंदवा. मात्र बँकेच्या होकाराशिवाय ती कंपनी नोंद बदलत नाही, म्हणून कर्ज देणाऱ्यालाही त्याच दिवशी लेखी कळवा. मी कर्जाच्या अर्जाची आणि सहीची प्रत मागितली, पोलिसांत तक्रार केली आणि तिची पोच जोडली. सही माझी नव्हतीच. नोंद निघाली. तक्रार 30 दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून जाता येतं. प्रत्येक पत्राची तारीख आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

आता पॅनची झेरॉक्स देताना मी तिच्यावर आडवं लिहिते: कशासाठी, कुणाला, तारीख, सही. लिखाण छापलेल्या अक्षरांवरून गेलं पाहिजे, कडेला लिहिलेलं कापून टाकता येतं. आधारची प्रत द्यायची झाली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत देते.

या महिन्यात आईचाही अहवाल काढणार आहे. मामाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला ती जामीन आहे, आणि जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसतं. मामाने हप्ता चुकवला तर आईच्या नावापुढेही ते लागेल, आणि हे तिला सही करताना कुणीच सांगितलं नव्हतं.