डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल कशी घ्यावी

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून, आणि एरवी स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप), छातीचा जंतुसंसर्ग किंवा तारुण्यपीटिका अशा कारणांसाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक (जिवाणूंवरचे औषध) लिहून देतात. १०० मिलिग्रॅमची ही कॅप्सूल स्वस्त आहे आणि योग्य आजारात अतिशय गुणकारी आहे. मात्र ती गिळायची कशी, हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेले असते, आणि टाळता येण्याजोगा बराचसा त्रास नेमका तिथेच उद्भवतो.

कॅप्सूल ओल्या बोटांत थोडा वेळ धरून पाहिली, तर तिचे आवरण मऊ होऊन बोटाला चिकटते. घोटभर पाण्याबरोबर गिळून माणूस लगेच आडवा झाला, की अन्ननलिकेतही हेच घडते: कॅप्सूल मध्येच अडकते, तिथेच विरघळते आणि आतील औषध आम्लधर्मी असल्यामुळे अस्तराला जखम होते. मग छातीच्या मधोमध आग होते, गिळताना कळ येते आणि घरचे लोक हृदयविकाराच्या शंकेने घाबरून जातात. म्हणून ही कॅप्सूल बसून किंवा उभे राहून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, अंग टाकू नये. रात्रीचा डोस अंथरुणावर बसून घेण्याऐवजी जेवणाबरोबरच घ्यावा. त्याने मळमळही कमी होते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत याची विशेष काळजी घ्यावी आणि त्यांना गिळणे जड जात असेल, तर डॉक्टरांकडून पर्याय विचारून घ्यावा.

पोळी-भाजी, वरण-भात यांनी काही बिघडत नाही. मात्र लोह, कॅल्शियम किंवा झिंकच्या गोळ्या आणि पित्तावरची अँटासिडची औषधे यांतील धातू या औषधाला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरू देत नाहीत. दोहोंत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. दुधाचा परिणाम त्या मानाने कमी असला, तरी कॅप्सूल दुधाबरोबर न घेतलेली बरी.

हे औषध चालू असताना त्वचा उन्हाला हळवी होते. भात लावणीच्या दिवसांत ढग सरून अचानक कडक ऊन पडते, तेव्हा शेतात वाकून काम करणाऱ्याची मान आणि हात थोड्या वेळातही भाजल्यासारखे लाल होऊ शकतात. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर टोपी किंवा पदर असावा.

गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना डॉक्टर सहसा दुसरे औषध निवडतात, कारण याने वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. त्यामुळे गर्भधारणेची शक्यता असल्यास ते आधीच सांगावे. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध, फिटच्या गोळ्या किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन चालू असेल, तर तेही लपवू नये.

एखादा डोस चुकला तर आठवताच घ्यावा; पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा, दोन कॅप्सूल एकदम घेऊ नयेत. बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने थांबवू नये. पाण्यासारखे सतत जुलाब, शौचातून रक्त, किंवा अंधुक दिसण्यासह तीव्र डोकेदुखी असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर मात्र क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेचा अर्थ असा, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. त्यामुळे उरलेली कॅप्सूल सर्दीतापाच्या शेजाऱ्याला देऊ नये. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवर तिचा उपयोगही होत नाही. मुदत संपलेली पाकिटे डब्यात ठेवू नयेत, कारण याच कुळातील टेट्रासायक्लिनच्या जुन्या, खराब झालेल्या औषधाने मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत.